तंबूच्या काठ्या

अहो मास्तर,

मी निघाले. ठरल्याप्रमाणे बरोबर सहाला, तळ्याच्या रस्त्याने. तुमचा गुडघा काल पोराचा फोन येईपर्यंत ठणठणीत होता. "या वयात सायकलवर?" म्हणून तो हसला आणि लगेच गुडघा दुखायला लागला! असो. चहा थर्मासमध्ये आहे. तुमच्या सायकलच्या चाकांत हवा भरलीय, साखळीला तेलही दिलंय. निघताना गॅस बंद करा आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या.

सामानाची वाटणी मात्र मी जरा बदलली. तुम्ही चार महिने खपून शिवलेला तंबू तुमच्याच सायकलला बांधलाय, त्याच्या काठ्या मी घेतल्यात. संध्याकाळी तळ्याकाठी नुसत्या काठ्या रोवून बसेन. कुणी विचारलं, तर सांगेन, आमचे शिंपी मागून येतायत.