सुतळी मी निवडली

सोमवार ९, सकाळी ६.३०
सासरे शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये. त्यामुळे यंदा गवताची जबाबदारी माझ्यावर. कापलं हिने, ट्रॅक्टर हिनेच चालवला, पण जबाबदारी माझ्यावर. अकरा गाई, आणि हिवाळाभर त्यांना हेच गवत. तीन दिवस वाळवायचं, मशीनने छोटे चौकोनी गठ्ठे बांधायचे, शुक्रवारी दुपारच्या आत गोठ्याच्या माळ्यावर टाकायचे. त्या संध्याकाळी पाऊस सांगितलाय.
मला फक्त सुतळी आणायची आहे. सासरे म्हणाले, "जावईबापू, घायपाताची जाड सुतळी आणा. झालं." झालं कसं? सतरा वर्षं परचेस डिपार्टमेंटमध्ये काढलीत. अभ्यासाशिवाय मी टाचणीसुद्धा घेत नाही.
संकल्प: संध्याकाळपर्यंत निर्णय.

सोमवार, संध्याकाळ
निर्णय उद्या. दुकानात दोन प्रकार निघाले.

मंगळवार १०
तक्ता केला. घायपाताची सुतळी: कुजते, उंदीर कुरतडतात, रीळ लवकर संपतं. प्लास्टिकची दोरी: कुजत नाही, बारीक, एका रिळात दुप्पट गठ्ठे. दुकानदाराने विचारलं, तुमचं मशीन कोणत्या दोरीवर सेट आहे? म्हटलं, मशीनचं मी बघतो.
ही म्हणाली, "अहो, बाबांनी सांगितलंय तेच आणा ना." तिला तक्ता दाखवला. तिने त्यावर चहाचा कप ठेवला.
प्लास्टिक घेतली. सासऱ्यांना अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

बुधवार ११
ही एकटीच गवत उलटत होती. मी दोरीची टेस्ट घेतली: माळ्याच्या तुळईला बांधून स्वतः लोंबकळलो. दोरी तुटली नाही. गाठ सुटली. मनगट सुजलंय, पण क्वालिटी सिद्ध झाली. गवत उलटायला आता माझा काही उपयोग नाही, याचं वाईट वाटतं.

गुरुवार १२, दुपार
चाळीस गठ्ठे बांधले. एकतीस सुटले. गठ्ठा मशीनमधून ऐटीत बाहेर येतो, जमिनीला टेकतो आणि अंग टाकून देतो. मिस्त्रीला बोलावलं. त्याने मशीनमध्ये डोकं घातलं. मग म्हणाला, गाठ मारणारा आकडा जाड सुतळीसाठी बसवलाय, ही गुळगुळीत दोरी सटकणारच. नवा आकडा यायला आठवडा लागेल. दोरी कोणी आणली, असंही विचारलं. दुकानदाराने दिली, म्हणालो. खोटं नाही ते.

गुरुवार, ५ वाजता
दुकानात धावलो. जाड सुतळीचं एकच रीळ शिल्लक. बाकीची सकाळीच शेजारच्या काकू घेऊन गेल्या. एका रिळात निम्मंच गवत बांधून होईल.
पण गठ्ठ्याला दोऱ्या दोन लागतात. एका बाजूला सुतळी, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक! हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

शुक्रवार १३, सकाळी ११
का सुचलं नाही ते कळलं. सुतळीची बाजू धरून ठेवते, प्लास्टिकची सोडते. सगळे गठ्ठे वहीसारखे उघडतात. ही माझ्याशी बोलत नाही. मीही विचारात असल्याचं दाखवतोय.

शुक्रवार, १.३०
ढग. सासरे कुबड्या घेऊन बांधापर्यंत आले. सगळं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "बाबा, थिअरी बरोबर होती." ते आभाळाकडे बघत होते.
हिने काकूंना फोन केला. मी मिठीत गवत घेऊन गोठ्याकडे पळतोय. बारा फेऱ्या झाल्या. शेत होतं तेवढंच भरलेलं दिसतंय. देवा, दोन तास थांब. एकच तास थांब.

शुक्रवार, ६.१५
काकू स्वतःचं काम टाकून मशीन घेऊन आल्या. आल्या आल्या विचारलं, "सुतळी कुठली वापरली?" ही गठ्ठे उचलत होती, काकूंचं मशीन धडधडत होतं. मनगटामुळे मी मोजत होतो. निम्म्याहून थोडं जास्त आत आलं. मग पाऊस.
ही माळ्यावर ओल्या कपड्यांत बसून रडली. वर जायचा मला धीर झाला नाही. तक्ता फाडला. नंतर वाटलं, तुकडे जपून ठेवावेत.

रविवार १५
शेतातलं गवत काळं पडलं, वास मारतंय. विकत मिळणार नाही, सगळ्यांकडे आपापल्यापुरतंच आहे. आत आहे ते सहा गाईंना पुरेल. मी तीनदा हिशोब केला. चौथ्यांदा सासरे म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. तुम्ही मनापासून केलंत." जेवण गेलं नाही.
कोणत्या पाच विकायच्या, ते त्यांनी हिला सांगितलं. शेवटच्या गाईचं नाव घ्यायला त्यांना फार वेळ लागला.

मंगळवार १७
ट्रक सकाळी येऊन गेला. म्हातारी तांबडी चढेना. ही तिच्या कानाशी काहीतरी बोलली, मग चढली.
संध्याकाळी हिने सवयीने अकरा जागी गवत टाकलं. थोडा वेळ उभी राहिली. मग पाच जागांवरचं उचलायला लागली. मी विचारलं, मी करू का?
"तुम्ही बसा," ती म्हणाली. रागाने नाही.
बसलो.