सात दिवसांत गोरे हात

माझी थोरली बहीण, आदरणीय मनांग पेर्पेत्वा,

नमस्कार म्हणून तुझा उजवा हात मी इथूनच कपाळाला लावला आहे असं समज. होनोलुलूत तुझे गुडघे काय म्हणतात? रक्तदाब जागेवर आहे ना? तुझ्या जावयाने अजून कामधंदा शोधला नसेल, तेव्हा त्याची तब्येत उत्तम असणारच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त माझ्या हातांना कातडी नाही.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतेय आणि तेम्यो लिहितोय. (एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदाच मध्ये न बोलता माझं ऐकतोय. दुखण्याचा तेवढाच फायदा.) मीच लिहिलं असतं, पण माझा फोन अंगठा टेकवून उघडतो, आणि हा अंगठा माझाच आहे हे फोन मान्य करत नाही. त्याला तरी काय बोलणार, मलाही शंका येते. तेव्हा या कागदाचा फोटो तेम्योच पाठवेल.

झालं असं की यंदा जत्रेत खाण्याचा गाडा लावणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य केंद्राचं कार्ड लागणार आहे. हात स्वच्छ आणि धडधाकट असल्याची डॉक्टरची सही नसेल, तर चौकात पपईचं सारण भरलेली एम्पनाडा तळायची नाही. बावीस वर्षं मी त्या तीन दिवसांसाठी जगत आलेय, हे तुला सांगायला नको. आजवर आमच्याकडे कपडे, कढई, कुत्रा आणि मी, सगळे एकाच निळ्या वडीने धुतले जायचे. कार्डासाठी जरा बरा साबण आणावा म्हटलं. शहाण्या बाईने दुकान गाठलं असतं. मी क्लारिंगला गाठलं.

आपली चुलत बहीण, गाड्याला गाडा लावून बसते, तीच ती. हल्ली ती पिशवीतून पपईचा साबण विकते. वेष्टनावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना आत काय घातलंय त्याचा पत्ता. फक्त कागदापेक्षा पांढरी एक बाई आणि ‘सात दिवसांत गोरे हात’ हे वचन. बावीस वर्षं मी रोज टोपलीभर पपई किसतेय, त्या पपईने एक बोटसुद्धा उजळलं नाही, हा विचार मनात यायला हवा होता. आला, पण साबण घेतल्यावर. तिसऱ्या दिवशी सालं निघायला लागली. क्लारिंग म्हणाली, जुनी कातडी जातेय, नवी येतेय. (तिची जुनीच शाबूत आहे. ती साबण विकते, वापरत नाही.) पाचव्या दिवशी आपला भाचा ओनोर्यो, जो आता निवडून येऊन वस्तीचा कप्तान झालाय, त्याने रीतीप्रमाणे माझा हात कपाळाला लावला आणि एक सालपट तिथेच चिकटलं. ते मिरवत तो सभेला गेला. लोकांनी विचारलं, कपाळाला राख लावायचा बुधवार यंदा दोनदा आला की काय.

आता उघड्या कातडीत जंतू शिरतील या भीतीने मी जंतूंचा नायनाट करणारा साबण आणला आणि दिवसातून वीस वेळा हात धुतले. जंतू ओरडले की नाही ठाऊक नाही, मी ओरडले. शेवटी तुझं कपाट उघडलं. तू खोक्यांतून पाठवलेले अकरा वर्षांचे साबण! परदेशी साबणाने या गावात कोणी अंग धूत नाही, तो कपड्यांत ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात, हे तू विसरली असशील. (माझ्यानंतर ते कोणाचे, यावर सुनांचं आत्ताच वाजलंय.) तरी मी मन घट्ट करून लॅव्हेंडर फोडला. कोपरापर्यंत खाज सुटली ती सुटलीच, वर त्या दिवशी लाटलेल्या सगळ्या पाऱ्यांना कपाटाचा वास. एका गिऱ्हाइकाने बाटलीभर सिरका ओतून पाहिला आणि मग फार अदबीने विचारलं, की ही एम्पनाडा कपड्यांत ठेवली तर कसर लागायची नाही ना.

आरोग्य केंद्रात डॉक्टर ओफेलियाने माझे चारही साबण टेबलावर गुन्हेगारांसारखे ओळीने उभे केले. क्लारिंगचा उचलून बाजूला ठेवला. नावगाव नसलेल्या अशा साबणात पारासुद्धा सापडतो म्हणे. मग म्हणाली, “आंटी, जंतूंशी लढाई करायची नाहीये. ते सुटून पाण्याबरोबर वाहून गेले की झालं. साधा साबण घ्या, वास नको, रंग नको. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा वीस सेकंद चोळा, धुवा, टिपा आणि वर काहीतरी ओशट लावा.” एवढंच. वीस सेकंद पुरेल अशी सावकाश म्हटलेली एक ‘नमो मारिया’ प्रार्थना आणि एक साधी वडी. एवढ्यासाठी मी दोन तळहात खर्ची घातले.

पण सही नाही. दहा दिवस पिठात हात घालायचा नाही, आणि जत्रा सहा दिवसांवर. मी तिथेच रडायला लागले. तेवढ्यात तिची नजर माझी पिशवी धरून उभ्या असलेल्या तेम्योवर गेली. त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. एक चीर नाही. कुठून असणार, एकतीस वर्षांत एक बशी विसळलेली नाही. तिने त्याच्या नावाचं कार्ड केलं! त्याची पहिली एम्पनाडा चपलेसारखी झाली होती, डाव्या पायाच्या.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
बिसिंग

ता. क. साबण पाठवू नकोस. त्याऐवजी एक फोन कर. ओफेलियाला बाप्तिस्म्याला हातात धरणारी धर्ममाता तूच ना? तुझा शब्द ती मोडायची नाही. दहाचे पाच दिवस करायला सांग. नवी कातडी आलीय, गुलाबी आहे, सभ्य दिसते.

ता. क. दुसरा. मनांग, हे मी तेम्यो, बिसिंगला न दाखवता लिहितोय. कृपा करून फोन करू नका. काल माझ्या पाऱ्या दुपारीच संपल्या. कप्तान दोनदा आला. मी हात धुतो ते बघायलासुद्धा लोक थांबतात. आज सकाळी डॉक्टरबाई स्वतः गाड्यावर आल्या, बिसिंग बाजारात गेली होती. म्हणाल्या, काल फेरतपासणीत आंटींचे हात पाहिले, लवकर भरले, आणि बिसिंगचं सही केलेलं कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, सिरका लागला की तिला अजून चुरचुरतं, जत्रा होऊन जाऊ दे. त्या हसल्या आणि कार्ड पर्समध्ये परत ठेवलं.