तिसरी कादंबरी ठेवून घे

बाबा,

मी फ्रँकफर्टला चाललेय, आईच्या नव्या फ्लॅटवर. रागावू नकोस, रविवारी संध्याकाळी परत येते. आमटी फ्रिजमध्ये आहे.

टेबलावरच्या दोन कादंबऱ्या उद्या लायब्ररीत देऊन ये. जाडजूड आहे ती उघडूही नकोस, त्यातला खुनी मला पहिल्याच प्रकरणात कळला. दुसरीतली मंगळावरची मुलगी भन्नाट आहे, पण शेवटी उगाच प्रेमात पडते.

तर, तिसरी मात्र ठेवून घे. त्यातले नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळे निरोप मुलीकडून. लेखिकेने मुलीला फारच सोशीक दाखवलंय. मी अर्ध्यातच मिटली.

आईसाठीही ह्याच कादंबरीची एक प्रत घेतलीय. वाचून झाली की कशी वाटली ते तिला तूच फोन करून सांग. मी सांगणार नाहीये.

ईप्सिता