बाजूने काढलेला फोटो

तीर्थरूप आईला, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण थोडासाच.

आज मात्र डोकं फिरलंय. लोक माश्यांचे फोटो पाठवतात आणि मी जात ओळखते, हे तुला ठाऊकच आहे. एक राठ केसांची माशी अळीवर अंडी घालते, तिची पिलं त्या अळीला आतून पोखरतात. म्हणजे बागेची राखणदारच! तिची पाठ संपते तिथे खाली बारीक फुगवटा असतो, तीच तिची खूण, पण तो फक्त बाजूने दिसतो.

परवा एका माळीणबाईंनी वरून काढलेला धूसर फोटो पाठवला. "झाडांवर फार झाल्यात, फवारू का?"

मी कळवलं, "थांबा, आधी बाजूने फोटो काढा."

साहेब कडाडले, "उपद्रवी माशी लिही आणि मोकळी हो!" मी नाही म्हटलं, तर त्यांनीच कळवून टाकलं.

आज बाईंचा दुसरा फोटो आला. बाजूने, अगदी स्वच्छ. फुगवटा ठळक दिसतोय. खाली लिहिलंय, "फवारल्यावर हलेनाशी झाली, म्हणून नीट काढता आला."

मी साहेबांना न विचारता बाईंना खरं काय ते कळवलंय. नोकरीचं काय होतंय ते कळेपर्यंत बाबांना काही बोलू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझी,
धाकटी