फोटोखालचा चुकीचा शब्द

साहेब, तुमच्या फोटोखाली ‘इंग्रज इंजिनीअर’ असंच छापणार आहेत. सौदीतल्या आपल्या रास तनुरा रिफायनरीच्या जुन्या माणसांवर पुस्तक निघतंय. मी दोनदा खोडून ‘कॉर्निश’ लिहिलं, दोनदा संपादकाने परत ‘इंग्रज’ केलं, आणि आज दुपारी त्यानेच पक्कं सांगितलं, "तेच राहील. कॉर्निश कोणाला कळणार? कोंबडीची जात वाटेल लोकांना." बैठकीतले सगळे हसले. हा संपादक साताऱ्याचा. फाटकावरचा पहारेकरी आम्हा सर्वांना ‘हिंदी’ म्हणतो, अरबीत भारतीयाला तोच शब्द. तर हा गाडीची काच खाली करून त्याला ‘मराठी, मराठी’ शिकवत बसतो. स्वतःच्या ओळखीची एवढी चाड, आणि मेलेल्या माणसाची ओळख पेनाच्या एका फटक्यात खलास! माझं डोकं अजून तापलेलं आहे.

वर्कशॉपमध्ये तुम्हाला कोणी इंग्रज म्हटलं की तुमचे कान लाल व्हायचे. "इंग्रज नदीपलीकडे राहतात. आम्ही कॉर्नवॉलचे." मी एकदा म्हणालो, "साहेब, नकाशात तर एकच देश दिसतो." तुम्ही पाना खाली ठेवलात. "तुला उद्यापासून पंजाबी म्हणू? नकाशात तुमचाही एकच आहे." त्या दिवसापासून मी तो शब्द कधी वापरला नाही.

आणि ती दिवाळी. तुम्ही आमच्या ओट्याशी उभे, बायको करंज्या करतेय, आणि तुम्ही ओरडता, "अरे, ही तर आमची पेस्टी!" मग बाह्या सरसावून स्वतः मुरड घालायला बसता, दोरखंडासारखी जाड. आत मटण-बटाटा हवा, म्हणता. कथिलाच्या खाणीत हाताला विष लागलेलं असायचं, म्हणून मुरड धरून खायचं आणि शेवटी ती फेकून द्यायची. "फेकायची?" बायको म्हणते, "आमच्यात भांडणं मुरडीवरून होतात!" तुम्ही खो खो हसता. मग सांगता, की इंग्रजीतली प्रार्थना नको म्हणणाऱ्या तुमच्या माणसांना पूर्वी राजाच्या फौजेने कापून काढलं, आणि उरलेल्यांची भाषा लाजेने गेली. नंतर खाणी बंद पडल्या आणि माणसं जगभर पांगली. तेवढ्यात माझी मुलगी आत येते, इंग्रजीत पाणी मागते. तुम्ही माझ्याकडे बघता. त्या बघण्याचाही मला राग आला होता, साहेब. आजही येतो, कारण ती अजून मला इंग्रजीतच उत्तर देते.

आत्ता संपादकाचा फोन आला. आवाज उतरलेला. "एवढं लागलंय तर एक कर. त्यांचं गाव सांग. गाव आणि पुढे कॉर्नवॉल, एवढंच टाकतो, ‘इंग्रज’ काढतो. नुसतं कॉर्नवॉल मोघम वाटतं. उद्या सकाळी पानं प्रेसला जातील, त्याआधी. यल्ला, चल लवकर." तुमचं तिकडे कोण उरलंय, कोणालाच माहीत नाही, म्हणून पुस्तकवाल्यांची सगळी भिस्त माझ्यावर. सकाळी मला गाव सांगायचं आहे, नाहीतर ‘इंग्रज’ छापून येणार.

तुम्ही ते नाव कितीदा घेतलं असेल. साहेब, मला ते आठवत नाही.