उपवासकाळातील तहान

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
२४ एप्रिल २०२५

आदरणीय मार्गारेटताई,
सप्रेम जय येशू. वि. वि.

मी, निकोलस तुस्कानो, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, तुझा धाकटा भाऊ, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे: माझ्या मधुमेहाचा दोष तुझ्यावरून दूर करणे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

रुग्णालयात तुझ्या भावजयीने, एमिलीने, तुझ्या हातच्या वाळवलेल्या केळ्यांना, त्या सुकेळ्यांना बोल लावला, तो भीतीपोटी. डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट आहे. माझ्या कर्करोगावर चाललेली इम्युनोथेरपी शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करते. क्वचित त्या स्वादुपिंडावरच उलटतात आणि इन्सुलिन बनणे थांबते. एकही सुकेळे खाल्ले नसते, तरी हेच घडले असते.

खरी चूक माझी. बारा दिवस घसा सारखा कोरडा पडत होता. नवी तक्रार त्याच दिवशी कळवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. परंतु ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ होता; क्रूसावरील प्रभूच्या तहानेतील आपला वाटा समजून मी ती तहान देवाला अर्पण केली व गप्प राहिलो. तेराव्या दिवशी शुद्ध हरपली. हे एमिलीलाही ठाऊक नाही.

घरी ये.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
निकोलस


पापडी
२७ एप्रिल

प्रिय निकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडले. महिनाभर चर्चमध्ये मिस्साला मागच्या बाकावर बसतेय. वाटायचं, भावाला माझ्याच हाताने विष घातलं.

आता ऐक. तू बी.कॉम., मी सातवी. पण गुड फ्रायडेची वाचनं मीही पन्नास वर्षं ऐकलीत. तहान लागली हे प्रभूने तोंडाने सांगितलं रे! क्रूसाखालच्या शिपायांनासुद्धा ऐकू गेलं. तू कोण मोठा लागून गेलास गप्प राहणारा? एमिलीला आजच सांग. रागावली तर रागावू दे.

लोभ आहेच, तो वाढवायचा तर खरं बोलत जा.

ताई


आदरणीय ताई,
सप्रेम जय येशू.

तुझा मुद्दा मान्य. एमिलीला सर्व सांगितले. मग इन्सुलिनची सुई तिने स्वतः टोचली, आवश्यकतेपेक्षा किंचित जोरात. रविवारी ती तुझी क्षमा मागण्यास येत आहे. तिला फार ताटकळत ठेवू नकोस.

इन्सुलिन आता कायमचे. मात्र साखर आटोक्यात आली आहे व गाठ लहान होत आहे, म्हणून डॉक्टर तीच इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करणार आहेत: गुरुवार, ८ मे, सकाळी नऊ वाजता. मी सर्वांना ‘काही चिंता नाही’ असे कळवले होते. ते असत्य आहे. ताई, मला भीती वाटते. काल एमिलीला सांगितले, आज तुला सांगतो.

शिरेतून औषध देतात त्या खुर्चीच्या एका बाजूस ती बसेल. दुसऱ्या बाजूस तू बस.

तुझा,
निकोलस तुस्कानो
वसई पूर्व, ३० एप्रिल २०२५