तालमीची मागची भिंत

९ जानेवारी
फोडली! तालमीची मागची भिंत फोडली. शंभर वर्षं उभी असलेली घडीव काळ्या दगडांची भिंत, कुठं साधा तडा नाही — आणि तिला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. दगड गटारीच्या कडेला टाकलेत. पेठेतल्या जुन्या इमारतींची यादी करण्यात माझी दोन वर्षं गेली. कशासाठी?

वस्ताद हंबीरराव तिथंच उभे. परवानगी कुणाची, विचारलं. "दार पायजे हुतं, पाडलं." वर मलाच चहा विचारतात!

१० जानेवारी
पालिकेत तक्रार दिली. फोटो जोडले. कचेरीतले साहेब म्हणाले, तालमीच्या भानगडीत पडू नका. पडणार.

१६ जानेवारी
काम थांबलं. तालमीच्या पंचांनी मंडळाच्या ऑफिसात बोलावलं. भांडायच्या तयारीनं गेले, तर सगळे माझ्याच बाजूनं! अध्यक्ष विजयसिंह म्हणाले, वारसा जपलाच पाहिजे, भगदाड लगेच बुजवू. वस्ताद तेवढे उठून गेले. इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

२२ जानेवारी
दगड पूर्वीच्याच जागी बसावेत म्हणून मी त्यांच्यावर नंबर टाकत होते. पिराजी गवंडी चुना कालवता कालवता पुटपुटला, "मग पोरींनी आता यायचं कुठनं?"

कुठल्या पोरी? मग कळलं. सहा मुली वस्तादांकडं कुस्ती शिकायला येणार होत्या. पुढच्या दारात मारुती. त्याच्यासमोरून बायका नकोत, असं पंचांचं म्हणणं. म्हणून वस्तादांनी मागं दार पाडलं. पंचांना तेही नको होतं, पण वस्तादांना अडवायचं कुणी? मी अडवलं. माझ्या सहीनं.

तशीच तणतणत वस्तादांकडं गेले. आधी का नाही सांगितलं?

"तुमी दगडाचं इचारलासा, ताई. पोरींचं कुठं इचारलासा?"

२३ जानेवारी
तक्रार मागं घेणार नाही. भिंत फोडणं चूकच. पण विजयसिंहांना सांगून आले — इमारतीला मूळचं दार एकच, पुढचं. वारसा जपायचाय ना? मग सगळ्यांनी त्याच दारानं जायचं. म्हणाले, "बाई, तुम्ही दगडापुरतं बोला."

२८ जानेवारी
वस्तादांनी पंचांना निरोप धाडला, पोरी नाहीत तर मीही नाही. तीन दिवस कुस्तीच्या हौद्यात कुणी उतरलेलं नाही. पोरांचे बापच आता पंचांच्या दारात जाऊन बसलेत.

१ फेब्रुवारी
भिंत पूर्ण झाली. पिराजीचा हात असा, की फोडलेली जागा मलाही ओळखू येईना.

२ फेब्रुवारी
सकाळी मुली पुढच्या दारानं आत गेल्या. विजयसिंह रस्त्यापलीकडं पाठमोरे. वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, तुमी भाईरच?"

आतली सगळी मापं माझ्या ऑफिसातल्या सोमेशनं घेतली होती. दोन वर्षं मी या दाराशी उभी राहून त्याला आकडे विचारत होते. आणि मला एकदाही राग आला नव्हता.